मायक्रोस्कोप 'पॉवरफुल' आहे म्हणजे नेमकं काय?

इथे इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय की मुलाच्या हिंदी पुस्तकात 'सूक्ष्मदर्शी' आहे, घरात आजी 'सूक्ष्मदर्शक' म्हणते, यातलं बरोबर कुठलं, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप जास्त पॉवरफुल असतो हे मराठीत कसं सांगायचं.

पहिलं सोपं आहे. दोन्ही बरोबर, हिंदीत दर्शी आणि मराठीत दर्शक. खरा घोळ पुढे होतो, कारण हिंदीतली कोशिका ती आपली पेशी, आणि इंदूरच्या मुलाला पेशी म्हटलं की आधी कोर्टाची तारीखच आठवणार, नाहीतर मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. तेव्हा घरी शिकवताना 'कोशिका म्हणजे पेशी' हे एकदा स्पष्ट सांगून टाका.

आता पॉवरफुल. या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात म्हणून मला तो अजिबात आवडत नाही. एक विशालन (हिंदीत आवर्धन), म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. शाळेतल्या मायक्रोस्कोपला वर 10 चं आणि खाली 40 चं भिंग लावलं की 400 पट, कांद्याचा पातळ पापुद्रा ठेवून आयोडीनचा थेंब टाकला तर विटांसारख्या पेशी आणि त्यातलं केंद्रक छान दिसतं. दुसरं विभेदन, म्हणजे अगदी जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसणं, आणि महत्त्वाचं हेच आहे, मोबाईलवरचा फोटो कितीही ताणला तरी एका हद्दीनंतर नुसता धूसर होतो ना, तसं विभेदन नसेल तर विशालन वाढवून हाती काहीच लागत नाही.

साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपच्या विभेदनाची हद्द साधारण 200 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग), त्याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसतात, कारण प्रकाशाच्या लहरीच 400 ते 700 नॅनोमीटरच्या. रायबोझोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कण, जेमतेम 25 नॅनोमीटरचा, तो त्यात सुटा दिसणारच नाही. इलेक्ट्रॉनची लहर त्याहून कितीतरी आखूड, म्हणून 1931 मध्ये रुस्का आणि क्नोल या संशोधकांनी जर्मनीत इलेक्ट्रॉन वापरून पाहिले, आणि आजच्या ट्रान्समिशन प्रकारात, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात, 0.2 नॅनोमीटरपर्यंतही जाता येतं. स्कॅनिंग प्रकार मात्र वरचा पृष्ठभाग दाखवतो, उठावदार.

म्हणून मी 'इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं विभेदन जास्त असतं' असं म्हणेन, शक्तिशाली वगैरे नको. त्याने मुलाचा आणखी एक गैरसमज टळेल, की जास्त पॉवरचा तो सगळ्याच कामाला चांगला. तसं नाहीये, इलेक्ट्रॉनसाठी नमुना निर्वात जागेत ठेवावा लागतो, ट्रान्समिशनला तर आधी अतिशय पातळ काप करावे लागतात, त्यात जिवंत पेशी टिकत नाही. ती हलताना, दुभंगताना बघायची तर प्रकाशाचाच मायक्रोस्कोप हवा, उदाहरणार्थ पारदर्शक पेशी न रंगवता उठून दाखवणारा फेज कॉन्ट्रास्ट, डच शास्त्रज्ञ झर्निके यांना 1953 चं नोबेल त्याच्यासाठीच मिळालं.

स्कॅनिंग, ट्रान्समिशन, फेज कॉन्ट्रास्ट हे शब्द मराठीत आहेत तसेच राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. विशालन आणि विभेदन तेवढे पक्के करून घ्या.