हायड्रॉलिक बिघाड झाला तर विमान लगेच का उतरवत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: उड्डाणानंतर थोड्याच वेळात कॅप्टनने हायड्रॉलिक बिघाड झाल्याचं सांगितलं, मग विमान पाऊण तास घिरट्या घालत राहिलं, आणि उतरल्यावर धावपट्टीवरच थांबलं. तिथून ते ट्रॅक्टरने ओढून नेलं. बिघाड गंभीर होता तर लगेच का उतरले नाहीत, आणि नव्हता तर ओढून का न्यावं लागलं?

मी एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होते आणि हा बिघाड एकदा प्रत्यक्ष अनुभवलाय. तुमचं विमान कोणतं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून माझ्या विमानाचंच सांगते.

ए-३२० मध्ये तीन वेगवेगळ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणा असतात: हिरवी, निळी आणि पिवळी. एकीचं तेल दुसरीत जात नाही. दाब ३००० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. विमान वळवणारे, वर-खाली करणारे भाग या तिघींत असे वाटून दिलेत की एक यंत्रणा गेली तरी उडवताना हाताला फारसा फरक जाणवत नाही. पण चाकं वर-खाली करणं आणि नेहमीचे ब्रेक ही कामं हिरवीकडे. आमची हिरवीच गेली.

आम्ही वर चढत होतो. एकदाच टिंग वाजलं आणि स्क्रीनवर पिवळसर ओळ आली: हिरव्या टाकीतलं तेल कमी. शेजारच्या चित्रात तेलाची पातळी डोळ्यांदेखत खाली येत होती. सर, म्हणजे आमचे कॅप्टन, म्हणाले, "विमान तू सांभाळ, चेकलिस्ट मी बघतो." कॉकपिटमधली ही पहिली वाटणी. दोघंही बिघाडात डोकं घालून बसले तर विमान कोण उडवणार?

मग पंप बंद करायचा होता. सरांनी बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही. "हिरवा पंप?" मी नीट पाहून "हो, हिरवा" म्हटल्यावरच दाबलं. घाईत शेजारचं बटण दाबलं गेलं तर चांगली चाललेली दुसरी यंत्रणाही जाते, म्हणून ही पद्धत. पीटीयूसुद्धा बंद केलं. पिवळीच्या दाबावर हिरवीला जोर देणारं हे यंत्र. (जमिनीवर असताना सीटखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो ना, तो याचाच.) हिरवीत तेलच नसताना ते चालू ठेवलं तर नुसतं भन्नाट फिरत राहतं आणि पिवळीही तापू शकते.

एवढं काही मिनिटांत आटपलं. खरा वेळ त्यानंतर लागतो.

हिरवी नसताना चाकं स्वतःच्या वजनाने खाली पाडावी लागतात. दोन सीटांच्या मधे, मागच्या बाजूला एक हँडल असतं. वेग २०० नॉटच्या (ताशी सुमारे ३७० किमी) आत आणायचा, हँडल बाहेर काढून तीन वेळा फिरवायचं. मात्र अशी खाली आलेली चाकं पुन्हा वर घेता येत नाहीत. समजा शेवटच्या क्षणी उतरणं रद्द करून पुन्हा वर जावं लागलं, तर लोंबणारी चाकं घेऊनच चढायचं आणि तेवढं जास्त इंधन जाळायचं. म्हणून हँडलला हात लावण्याआधीच सगळं ठरलेलं हवं. धावपट्टी पुरेल का? स्वयंचलित ब्रेक नाहीत, पर्यायी ब्रेक पायाने दाबायचे, आणि दोनपैकी एका इंजिनाचा उलटा जोर मिळणार नाही. लागणारं अंतर नव्याने काढावं लागतं. वारा कसा आहे, इंधन किती, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना उघडायच्या झडपा) नेहमीपेक्षा सावकाश उघडणार ते कधी सुरू करायचे, हे सगळं बघायचं. केबिनच्या प्रमुखांना इंटरकॉमवर काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, हे सांगायचं आणि त्यांच्याकडून तेच परत वदवून घ्यायचं. आकडे जुळल्यावर सरांनी मला विचारलं, "काही राहिलंय का?" राहिलं होतं: उतरल्यावर आम्ही धावपट्टी अडवणार हे टॉवरला अजून सांगितलेलं नव्हतं.

हँडल फिरलं तेव्हा धाडकन आवाज झाला, विमान थरथरलं, वाऱ्याचा गोंगाट वाढला. मग तीन हिरवे दिवे लागले, म्हणजे तिन्ही चाकं खाली येऊन पक्की बसली. ते बघून मला किती हायसं वाटलं ते आजही आठवतं.

हे झालं एकच यंत्रणा गेली तेव्हाचं. दोन यंत्रणा एकदम गेल्या की लाल इशारा येतो आणि शक्य तितक्या लवकर उतरायचं असतं. सगळ्याच गेल्या तर काय होतं ते १९ जुलै १९८९ ला दिसलं. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला जाणारं युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण २३२, डीसी-१० जातीचं विमान. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची तबकडी फुटली आणि तुकड्यांनी तिन्ही यंत्रणांच्या नळ्या तोडल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या डेनिस फिच या वैमानिक-प्रशिक्षकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे लिव्हर त्यांच्या हाती दिले. एका बाजूचा जोर वाढवायचा, दुसऱ्या बाजूचा कमी करायचा, एवढ्यावर त्यांनी सुमारे ४४ मिनिटं विमान हवेत ठेवून सू सिटी या शहराच्या विमानतळापर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं. २९६ पैकी ११२ जण गेले, १८४ वाचले. कॅप्टननी दुसऱ्याला विचारावं, त्याचं ऐकावं, हे प्रशिक्षण त्या कंपनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होतं, आणि हेन्स यांनी त्याचं श्रेय पुढे आयुष्यभर दिलं. सरांचं "काही राहिलंय का?" मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

आता ओढून नेण्याबद्दल. आमच्या विमानात पुढचं चाक वळवण्याचं कामही हिरवीचंच होतं. सरळ धावत थांबता येतं, पण वळून धावपट्टी सोडता येत नाही. शिवाय अशी पाडलेली चाकं उतरली तरी त्यांचे दरवाजे उघडेच लोंबत राहतात. आम्ही थांबलो तेव्हा चाकांच्या कप्प्यातून जांभळं तेल ठिबकत होतं. इंजिनियर आले, त्यांनी आधी प्रत्येक चाकाला सुरक्षेची पिन लावली, आणि मगच ट्रॅक्टर जोडू दिला. तुमचं विमान धावपट्टीवर बराच वेळ उभं राहिलं ते बहुधा याचसाठी.