नोंदणी झाली, पुढे काय? सरकारी संकेतस्थळांवरील नोकरीच्या शोधाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरातील कळंबा रस्त्यावरील शासकीय आयटीआयमधून मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडला. महास्वयम् संकेतस्थळावर त्याची नोंदणी करून वर्ष होत आले, तरी एकही फोन आलेला नाही. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंटचे कार्ड काढले की कधी ना कधी कॉल येत असे. मग या ऑनलाइन नोंदणीचा उपयोग तरी काय? — एक वाचक, उचगाव

उत्तर : आपण ज्या कार्डाची आठवण काढली आहे, त्याचा काळ वेगळा होता. सेवायोजन कार्यालय (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज) नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार उमेदवारांची नावे पाठवीत असे आणि पुष्कळ शासकीय कार्यालये त्याच यादीतून मुलाखतीला बोलावीत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निवड केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठविलेल्या नावांपुरती मर्यादित न ठेवता वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतून जाहिरात देऊन इतर पात्र उमेदवारांचाही विचार करावा. शासकीय पदासाठी आता जाहिरात पाहून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महास्वयम् वरील नोंदणी हा असा अर्ज नव्हे, आणि नोंदणी जुनी झाल्याने उमेदवाराचे वजनही वाढत नाही. बहुतेक पालकांची निराशा या एकाच गैरसमजातून होते, म्हणून हे आधी सांगितले.

तरीही नोंदणी निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. महास्वयम् हे राज्याच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाचे संकेतस्थळ असून, तेथे खासगी कारखान्यांच्या रिक्त जागा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत होणारे रोजगार मेळावे जाहीर होतात. त्याच्या जोडीला केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेले नॅशनल करिअर सर्व्हिस, म्हणजे एनसीएस हे संकेतस्थळ आहे. तेथील नोंदणीसही उमेदवाराला शुल्क पडत नाही. मुलाची नोंदणी दोन्हीकडे असावी. मात्र नोंदणी करून वाट पाहत बसणे आणि दर आठवड्याला आत जाऊन जिल्हा व ट्रेड निवडून जागा शोधणे, योग्य जागेसमोर स्वतः अर्ज करणे, यांत फार अंतर आहे.

आता मुलाची माहिती उघडून तपासावी. ‘शिक्षण : आयटीआय, अनुभव : कंपनीत काम’ एवढेच लिहिलेले असेल, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी (संगणकाने चालणारे मिलिंग यंत्र) ऑपरेटर शोधणाऱ्या व्यवस्थापकाला तो सापडणार कसा? कारखानदार त्याच्या कामाच्या शब्दांनी शोधतो. म्हणून ट्रेडचे पूर्ण नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सीएनसी की व्हीएमसी, कोणत्या कंट्रोलवर हात बसला आहे, जॉबचे सेटिंग स्वतः करता येते की केवळ लोडिंग-अनलोडिंग केले आहे, ड्रॉइंग वाचता येते का, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरता येतात का, हे सगळे स्पष्ट लिहावे. आपल्याकडच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) काही महिने काम केले असेल, तर मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग की फेटलिंग, यांपैकी कोणत्या विभागात, हेही नोंदवावे. जे येत नाही ते मात्र लिहू नये. मुलाखतीत मशीनसमोर उभे केल्यावर ते क्षणात उघड होते.

आणखी एक गोष्ट मला जवळजवळ प्रत्येक पत्रात आढळते. नोंदणी चौकातल्या सेवा केंद्रातून केलेली असते, आणि घाईत तेथील माणसाने स्वतःचाच ई-मेल किंवा दुकानाचा मोबाइल क्रमांक टाकलेला असतो. मग कारखान्याचा निरोप जातो दुकानात आणि मुलगा घरी वाट पाहत राहतो. वर्षभरात फोन न येण्याचे कारण कदाचित हेच असेल. क्रमांक मुलाचा, ई-मेल मुलाचा आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहिलेला, एवढे आजच पाहून घ्यावे. आधारशी जोडलेला मोबाइल बंद पडला असेल तर ओटीपी येणार नाही. त्यासाठी आधी आधार केंद्रात क्रमांक बदलून घ्यावा लागेल.

नुकत्याच आयटीआय झालेल्या मुलासाठी माझा कल मात्र नोकरीपेक्षा शिकाऊ उमेदवारीकडे, म्हणजे अप्रेंटिसशिपकडे आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेवर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतील मध्यम आकाराचा कारखानाही या कक्षेत येतो. अशा जागा केंद्र शासनाच्या अप्रेंटिसशिप इंडिया संकेतस्थळावर दिसतात आणि तेथूनच अर्ज करता येतो. विद्यावेतन पगाराच्या तुलनेत कमी वाटेल. पण करार नोंदलेला असतो, आणि शेवटी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडते. कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून घेतो, असे कोणी सांगितले तर हा करार संकेतस्थळावर नोंदणार का, हे अवश्य विचारावे. पदवी किंवा पदविका झालेल्यांसाठी एनएटीएस हे शिकाऊ उमेदवारीचे वेगळे संकेतस्थळ आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेत भरती असल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर आला. सोबत लिंक आहे आणि साडेसातशे रुपये ‘नोंदणी शुल्क’ यूपीआयने पाठवायचे आहे. खरे कसे ओळखावे? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पैसे पाठवू नयेत. शासकीय भरतीत परीक्षा शुल्क असू शकते, परंतु ते आपल्या अर्जाच्या खात्यातून, अर्जाचाच एक टप्पा म्हणून भरले जाते. कोणा व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर नव्हे.

पडताळणीचा मार्ग उलट्या दिशेने जातो. संदेशातील लिंक उघडण्याऐवजी जिल्हा परिषदेचे किंवा जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ स्वतः उघडावे आणि भरतीच्या सूचनांमध्ये ती जाहिरात आहे का, ते पाहावे. ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपणारे पत्ते शासकीय संस्थांसाठीच राखलेले आहेत. येथे एक बारकावा आहे. फसवणूक करणारे हीच अक्षरे पत्त्याच्या मध्ये घुसवतात, म्हणून पत्त्यातील (सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढील दोन रेघा सोडून) पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, ते पाहावे. याउलट आयबीपीएस किंवा टीसीएस यांच्यासारख्या संस्था शासनाच्या वतीने परीक्षा घेतात, तेव्हा अर्जाचे पान त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर असते आणि तरीही ते खरे असते. म्हणून पत्त्यापेक्षा त्या पानापर्यंत आपण कोठून पोहोचलो, हे महत्त्वाचे. खात्याच्या मूळ जाहिरातीत दिलेल्या दुव्यावरून गेलात तर चिंता नाही. पत्त्याशेजारचे कुलूप पाहून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण ते कुलूप बनावट संकेतस्थळालाही मिळते.

पैसे आधीच गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : दहावीच्या प्रमाणपत्रावर माझे माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. मला शासकीय पदासाठी अर्ज करायचा आहे. कोणते नाव लिहू? — एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, त्या जाहिरातीतील नावाविषयीची सूचना प्रथम वाचावी, बहुतेक ठिकाणी दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव मूळ नाव म्हणून मागतात आणि नाव बदलले असल्यास तशी नोंद करण्याची स्वतंत्र जागा देतात. तेथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाचे राजपत्र पुरावा म्हणून जोडावे लागते. राजपत्रासाठी राज्याच्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. विवाहाची नोंदणी झालेली नसेल, तर ती जाहिरातीची वाट न पाहता आताच करून घ्यावी; अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ही कागदपत्रे हाती येणे कठीण असते. जाती प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असेल, तर विवाहाचा पुरावा त्याच्याही सोबत ठेवावा.