शब्दाचे कूळ: ‘बॉयकॉट’

प्रश्न: ‘बॉयकॉट’ या शब्दात ‘बॉय’ आणि ‘कॉट’ हे दोन शब्द दिसतात. त्यांचा बहिष्काराशी काय संबंध?

उत्तर: काहीही नाही, बॉयकॉट हे एका गृहस्थाचे आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात मागितलेली सूट पुरेशी मिळाली नाही आणि थकबाकीदारांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारहाण न करता वाळीत टाकावे, असा सल्ला चार्ल्स पार्नेल या नेत्याने त्याच सप्टेंबरात एनिस येथील सभेत दिला होता. मेयोच्या लोकांनी तो थेट कारभाऱ्यावरच आजमावला. शेतमजूर आणि घरगडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात, टपाल आणणाऱ्या पोरालाही दटावण्यात आले. अखेर बाहेरून आणलेल्या सुमारे ५० मजुरांनी सैन्याच्या पहाऱ्यात सलगम आणि बटाटे काढले, तेव्हा बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. (सरकारी हिशेब तेव्हाही असेच होते!)

वर्ष संपण्याआधीच वृत्तपत्रांनी या आडनावाचे क्रियापद केले आणि पुढे फ्रेंच, जर्मन भाषांनीही ते उचलले. आज माल, सामने, निवडणुका अशा कशावरही ‘बॉयकॉट’ पुकारला जात असला, तरी शब्दाचा मूळ रोख माणसावर होता. म्हणूनच ‘बहिष्कार’ या व्यापक शब्दापेक्षा ‘वाळीत टाकणे’ हाच प्रयोग मला मुळाशी अधिक जुळणारा वाटतो. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याने ज्याला गुन्हा ठरवले, ते हेच.