सीझन बदलला की स्टुडिओ का बदलतो?

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर: ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) बहुतेक वेळा ते बनवणाऱ्या स्टुडिओच्या मालकीचं नसतंच. प्रकाशक, टीव्ही चॅनेल, म्युझिक कंपनी, खेळणीवाले असे चार-सहा जण पैसे घालून निर्मिती समिती बनवतात आणि स्टुडिओला कंत्राट देतात. पुढच्या सीझनला तोच स्टुडिओ घ्यायचं बंधन समितीवर नसतं.

मग घोडं अडतं ते बहुतेकदा तारखांवर. चांगल्या स्टुडिओंची कामं दोन-तीन वर्षं आधीच ठरलेली असतात. समितीला मूळ मंगा (जपानी कॉमिक) गाजतोय तोवर सीझन हवा, स्टुडिओकडे माणसं मोकळी नाहीत, की काम दुसरीकडे जातं. 'पैसे कमी पडले म्हणून बदलला' हे दर वेळी खरं नसतं.

नाव बदललं म्हणून लगेच कपाळाला हात लावू नकोस. श्रेयनामावलीत दिग्दर्शक, पटकथा-प्रमुख आणि कॅरेक्टर डिझायनर कोण ते बघ. 'विनलँड सागा' २०१९ मध्ये विट स्टुडिओने केलं, २०२३ चा दुसरा सीझन माप्पाने. पण दिग्दर्शक शुहेई याबुताच राहिले, म्हणून सांधा जाणवत नाही. उलट 'वन पंच मॅन'मध्ये मॅडहाउसकडून (२०१५) काम जे.सी.स्टाफकडे (२०१९) गेलं, आणि दिग्दर्शकही बदलले. पहिल्या सीझनच्या मारामाऱ्या त्याचे दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या ओळखीने जमलेल्या फ्रीलान्स ॲनिमेटरांनी रंगवल्या होत्या. ती माणसं मॅडहाउसची पगारी नव्हतीच, त्यामुळे मॅडहाउस राहिलं असतं तरी तीच मजा आली असती याची खात्री नव्हती.