पोलीस भरतीसाठी पुण्यात येताना

आपण शिपाई भरतीच्या तयारीसाठी गाव सोडून पुण्यात येत आहात, हा निर्णय हिमतीचा आहे. अकादमी निवडण्याआधी मैदान पाहा आणि खोली मैदानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घ्या, कारण पहाटे पाचला बस शोधण्यात गेलेली ताकद १६०० मीटर धावताना उरत नाही.

नवे उमेदवार सुरुवातीला हमखास या चुका करतात:

- पहिल्याच आठवड्यात डांबरी रस्त्यावर जोरात धावतात. मग नडगी दुखू लागते आणि सरावात खंड पडतो. मातीवरच धावा, वेग हळूहळू वाढवा.
- गोळाफेकीकडे दुर्लक्ष करतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ तिचे आहेत आणि मुलांचा ७.२६० किलोचा गोळा केवळ दंडाच्या जोरावर लांब जात नाही.
- लेखी परीक्षा मैदानानंतर पाहू म्हणतात. ती १०० गुणांची आहे. गणित व मराठी व्याकरण रोज करा.

अधिवास, जात आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र गावाहून निघण्यापूर्वीच मिळवा. मेसचे जेवण पोटभर घ्या, पैसे वाचवायला तिथे कपात नको. आहार व सरावाचे बारकावे महिनाभराने सांगेन.