ऑलनाइटर, जागर आणि जागणे

प्रश्न : इंग्लंडमधल्या ‘विगन कसिनो’ या नाचघरात सत्तरच्या दशकात नाचायला जाणाऱ्या रसिकांच्या आठवणी मी मराठीत आणते आहे. त्यांत ‘ऑलनाइटर’ हा शब्द पानोपानी येतो. ‘रात्रभराची पार्टी’ मला रुचेना, म्हणून मी ‘जागर’ लिहिले. ते एका जाणकार संपादकांनी खोडले. जागर देवीचा असतो किंवा विचारांचा, नाचाचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘नॉर्दर्न सोल’ या संगीतप्रकाराला ‘उत्तरी आत्मसंगीत’ म्हणावे, असेही त्यांनी सुचवले. शिवाय या मंडळींचे ब्रीद असलेल्या ‘कीप द फेथ’चे काय करावे?

उत्तर : ‘उत्तरी आत्मसंगीत’ आधी खोडून टाका. जॅझ आणि ब्लूज ज्या न्यायाने जसेच्या तसे मराठीत राहिले, त्याच न्यायाने सोल हा अमेरिकी कृष्णवर्णीयांचा संगीतप्रकारही राहील. तबकड्या काढणाऱ्या मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या एका लेबलचे, म्हणजे छापाचे, नावच ‘सोल’ होते; त्याचेही भाषांतर करणार का? त्याहून मोठा घोटाळा ‘उत्तरी’ या विशेषणाने होतो. हे संगीत डेट्रॉइट, शिकागो अशा अमेरिकी शहरांतले आहे आणि ती शहरेही त्या देशाच्या उत्तरेकडेच आहेत, त्यामुळे मराठी वाचक ‘उत्तरी’ हा शब्द वाचून थेट तिकडे जाऊन पोहोचेल. प्रत्यक्षात ही उत्तर दिशा इंग्लंडमधली आहे. डेव्ह गॉडिन यांचे लंडनमधल्या कव्हेंट गार्डन भागात ‘सोल सिटी’ नावाचे तबकड्यांचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून लंडनला येणारे तरुण त्या दुकानात शिरत, पण नव्याने निघालेल्या फंक या संगीतप्रकाराच्या तबकड्या त्यांना नको असत. साठच्या दशकाच्या मध्यातली, मोटाउनच्या वळणाची, जलद ठेक्याची गाणीच ते मागत. या गिऱ्हाइकांना काय ऐकवायचे, हे दुकानातल्या माणसांना चटकन कळावे म्हणून गॉडिन यांनी हे नाव पाडले आणि 1970 मध्ये आपल्या मासिकातल्या सदरातून ते छापले. म्हणजे ‘नॉर्दर्न’ हे विशेषण गाणाऱ्याचे नाही, ऐकणाऱ्याचे आहे. पाणिनीने ‘तत आगतः’, म्हणजे तिथून आलेले, आणि ‘तस्येदम्’, म्हणजे हे त्याचे, असे दोन वेगळे अर्थ दोन वेगळ्या सूत्रांत सांगून ठेवले आहेत. आपल्याकडचे भाषांतरकार मात्र विशेषण दिसले की दर वेळी पहिलाच अर्थ धरतात. नॉर्दर्न सोल हे ‘तस्येदम्’ आहे, आणि म्हणून ते नाव न बदलता ठेवावे.

आता जागर. तुमच्या संपादकांनी गोष्ट नेमकी उलटी धरली आहे. ‘विचारांचा जागर’ ही या शब्दाची अलीकडची आणि उसनी बाजू आहे. मराठीचा जागर, संविधानाचा जागर, स्त्रीशक्तीचा जागर असे फलक मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे आणि दर वेळी मला तोच त्रास होतो. गेल्याच वर्षी एका संस्थेने मला ‘शब्दांचा जागर’ या कार्यक्रमाला बोलावले होते. तो सकाळी अकराला सुरू झाला आणि दीड वाजता जेवणाची पाने मांडली गेली. ज्या कार्यक्रमात एकाही माणसाची झोप मोडत नाही, त्याला जागर म्हणता येत नाही. प्रबोधन म्हणा, उत्सव म्हणा, परिसंवाद म्हणा; मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. जागराला रात्र लागते, ती सबंध लागते आणि ती चारचौघांनी मिळून जागवावी लागते. खंडोबाचे जागरण ज्याने एकदा पाहिले आहे, वाघ्या-मुरळीची दिमडी आणि तुणतुणे रात्रभर ऐकून पहाटे लंगर तुटताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या शब्दाचे मूळ पाहिले की माझा मुद्दा आणखी पक्का होतो. संस्कृत धातूंची यादी असलेल्या धातुपाठात ‘जागृ निद्राक्षये’, म्हणजे जागृ हा धातू झोप सरणे या अर्थाचा, असा निर्देश आहे. पण हा धातू मुळात साधा नाही. त्यातला ‘जा’ हा द्विरुक्तीने आलेला आहे, आणि पाणिनीनेही जक्ष्, जागृ, दरिद्रा इत्यादी धातूंना ‘अभ्यस्त’, म्हणजे द्विरुक्त, ही संज्ञा मुद्दाम दिलेली आहे. ग्रीकमध्ये याच कुळातले क्रियापद ‘मी जागा झालो आहे, म्हणून आता जागा आहे’ अशा अर्थाने द्विरुक्त होऊन येते, आणि त्यातूनच ‘ग्रेगरी’ हे नाव निघाले आहे. ग्रेगरी म्हणजे जागता. आता अभ्यस्त धातूंचे वैशिष्ट्य असे की त्यांच्या तृतीय पुरुषी अनेकवचनात ‘न्’ येत नाही. एकवचन जागर्ति, अनेकवचन जाग्रति. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या एकाच श्लोकात ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी बसली आहेत : ‘या निशा सर्वभूतानां तस्यां जागर्ति संयमी । यस्यां जाग्रति भूतानि सा निशा पश्यतो मुनेः ॥’ संयमी एकटा जागतो, म्हणून जागर्ति. बाकीची भूते पुष्कळ, म्हणून जाग्रति.

आपले ‘जागणे’ यांपैकी कोणत्या रूपातून आले, ते पाहा. प्राकृतात ‘जग्गइ’ असे रूप आहे. त्यातला ‘ग्ग’ हा ‘ग्र’चा झालेला आहे, आणि जोडाक्षर सोपे होताना आधीचा स्वर दीर्घ होऊन मराठीत ‘जाग’ राहिला. हा ‘ग्र’ जागर्ति या एकवचनात नाही, जाग्रति या अनेकवचनात आहे. म्हणून माझे मत असे की मराठी माणसाचे जागणे हे पहिल्यापासून अनेकवचनी आहे. एकट्या मुनीच्या क्रियापदाला आपल्या भाषेत वंश उरला नाही. समुदायाच्या क्रियापदाला उरला. यावर काही व्युत्पत्तिकार मला सुनावतात की ‘ग्र’ हा ‘जाग्रत्’ या वर्तमानकालवाचक धातुसाधितातही आहे, मग अनेकवचनच का धरायचे? त्यांना माझे उत्तर असे की धातुसाधित पुस्तकात राहते आणि ‘ते जागताहेत’ हे वाक्य अंगणात बोलले जाते. बोली अंगणातून वाढते. हे उत्तर त्यांना पटत नाही. मला त्यांचे पटत नाही. पण जागणे हा शब्द सोबतीने केलेल्या कृतीचा आहे, ही गोष्ट आपल्या भाषेत इतक्या ठिकाणी दिसते की केवळ कागदी युक्तिवादापुढे मी माघार घेणार नाही.

विगनला जे होत होते ते नेमके हेच होते. तिथला पहिला ऑलनाइटर 23 सप्टेंबर 1973 रोजी रात्री दोन वाजता सुरू झाला आणि सकाळी आठपर्यंत चालला. दारूचा परवाना नव्हता, म्हणूनच पब बंद झाल्यावरही दार उघडे ठेवता येत असे. माणसे दूरदूरच्या गावांहून आगगाडीने आणि बसने येत. खांद्याला बिल्ले शिवलेली पिशवी, पिशवीत बदलायला दुसरा सदरा, पुसायला टॉवेल आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर तोंडाला लावण्यासाठी नसे. लाकडी जमिनीवर ती मूठभर भुरभुरली की चामडी तळाचा जोडा अडखळत नसे आणि गिरकी पुरी होत असे. अंगात घोळदार पायघोळ विजार आणि वर साधी बंडी. बहुतेक जण जोडीने नाचत नसत, प्रत्येक जण आपल्या जागी स्वतंत्र नाचे; गिरकी घ्यायची, पाठीमागे पडायचे आणि ठेका चुकण्याआधी उभे राहायचे. तरीही ते नाचणे एकट्याचे नव्हते, कारण गाण्यातल्या ठरावीक ठोक्याला साऱ्या सभागृहाची टाळी एकदम पडत असे. हे जाग्रति आहे, जागर्ति नव्हे.

तारखेची एक गोष्टही इथेच सांगतो, कारण तुमच्या भाषांतरात ती अडणार आहे. 23 सप्टेंबर 1973 हा दिनदर्शिकेप्रमाणे रविवार होता, पण ही मंडळी आठवण सांगताना कायम ‘शनिवारची रात्र’ म्हणतात. इंग्रजी हिशेबाने ही चूक ठरते. आपल्या हिशेबाने ठरत नाही, कारण आपल्याकडे वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. तेव्हा टीप न देता सरळ ‘शनिवारची रात्र’ लिहा. मराठी पंचांग तुमच्या बाजूचे आहे.

संपादकांचा खरा आक्षेप वेगळा असावा, अशी मला शंका आहे. या ऑलनाइटरांत उत्तेजक गोळ्यांचा सुळसुळाट होता. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या टन्स्टॉल भागातले ‘गोल्डन टॉर्च’ हे असेच नाचघर 1973 मध्ये बंद पडले, त्यामागे तेही एक कारण होते. तुमच्या आठवणींत ते येणारच, आणि ते गाळू नका. परंतु अशा रात्रीला देवीचा शब्द कसा द्यायचा, असे विचारणाऱ्याने शब्द आणि त्याच्याभोवतीचे सोवळे यांत गल्लत केली आहे. जागर हा शब्द किती वेळ जागलात आणि कोणाबरोबर जागलात एवढेच मोजतो. कोजागरीची रात्रही ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागे आहे, एवढेच विचारते. काय खाऊन जागे आहात, असे ती विचारत नाही.

तुमच्या आठवणींत ‘कव्हर-अप’ हा शब्द आला तर ‘झाकलेली तबकडी’ लिहा. दुर्मीळ गाणे तबकड्या वाजवणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून गायकाचे खोटे नाव सांगण्याची तिथे पद्धत होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची ही आपली म्हण त्या पद्धतीला तंतोतंत बसते. फ्रँक विल्सन यांनी 1965 मध्ये गायलेली, तेव्हा बाजारात न आलेली एक तबकडी अशीच एडी फॉस्टर या बनावट नावाने वाजत असे. 2009 मध्ये तिची एक प्रत 25,742 पौंडांना विकली गेली. ‘थ्री बिफोर एट’, म्हणजे आठच्या ठोक्याआधी विगनला दर वेळी वाजणारी तीच तीन गाणी, यांना ‘भैरवी’ म्हणण्याचा मोह तुम्हाला होईल. मैफल संपल्याची खूण म्हणून भैरवी बरोबर आहे, पण तो राग आहे आणि ही गाणी आहेत. ‘आठच्या आधीची तीन’ असेच लिहा, मराठीत ते कानाला गोड लागते.

राहिले ‘कीप द फेथ’. वर आवळलेली मूठ आणि भोवती ही अक्षरे, असा तो बिल्ला. याचे ‘श्रद्धा ठेवा’ असे भाषांतर मी एकदा पाहिले आणि पुस्तक मिटले. श्रद्धा ठेवा हे आजाऱ्याला सांगतात. इथे सांगायचे आहे ते इमान राखायला, आणि त्यासाठी मराठीत जे क्रियापद आहे ते पुन्हा जागणे हेच आहे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, दिलेल्या शब्दाला जागतो, उपकाराला जागतो. चतुर्थी विभक्ती लावली की रात्र जागवणारे हेच क्रियापद इमान राखणारे होते. ज्याच्यासाठी जागलो त्याला शेवटपर्यंत अंतर न देणे, हा अर्थ चतुर्थीने त्यात घातला आहे. ऑलनाइटर आणि कीप द फेथ हे इंग्रजीत परस्परांशी नाते नसलेले शब्द आहेत. मराठीत ते एकाच धातूचे होतात, आणि या लोकांच्या बाबतीत ते एकाच धातूचे असायलाच हवेत. 6 डिसेंबर 1981 च्या पहाटे कसिनोचा शेवटचा जागर झाला, तेव्हा आठच्या आधीची तीन गाणी वाजून गेली तरी माणसे जमीन सोडीनात. ती गाणी पुन्हा वाजवावी लागली आणि अगदी अखेरीस फ्रँक विल्सन यांची तीच तबकडी लागली. पुढे ती इमारत पाडली गेली आणि त्या जागी बाजारपेठ उभी राहिली, तरी तिथे नाचलेली आणि आता सत्तरीला टेकलेली माणसे अजून गावोगावच्या सभागृहांत जमतात, पावडर भुरभुरतात आणि जमेल तशी गिरकी घेतात. ते शब्दाला जागले आहेत.

तेव्हा बिल्ल्यावरची अक्षरे ‘शब्दाला जागा’ अशी करा. ‘जागा’ हे इथे आज्ञार्थी आहे. फारसीतून आलेल्या, ठिकाण या अर्थाच्या ‘जागा’शी त्याचा संबंध नाही, आणि मराठी वाचकाची गफलत होणार नाही. जागरापुढचे क्रियापदही सांभाळा. जागर ‘साजरा’ होत नाही, ‘संपन्न’ होत नाही आणि कोणी त्याचे ‘आयोजन’ करत नाही. जागर होतो, जागरण घालतात, आणि जागराला जातात. तुमच्या आठवणींतले पहिले वाक्य मी असे लिहीन : ‘शनिवारी रात्री आम्ही विगनला जागराला जायचो.’