लूमवाल्याची मुलगी सेफ्टीत?

प्रश्न : डॉक्टर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. पप्पा बारा तासांच्या पाळीत लूम चालवतात, आई कांड्या भरते. पप्पांना आता कमी ऐकू येतं. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करावं असं मनात आहे, पण सर म्हणतात, "ते डॉक्टर-इंजिनिअरांचं क्षेत्र. मुलींना फॅक्टरीत कोण घेणार? बी.एड. कर." आमच्यासारख्यांना तिथे जागा आहे का?
– एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : आहे. पण सर अगदीच चुकीचं बोलत नाहीत, म्हणून आधी अडचणीचं सांगते.

सेफ्टी ऑफिसर, म्हणजे कारखान्यात कामगारांची सुरक्षितता बघणारा अधिकारी, व्हायला रसायनशास्त्राची पदवी चालत आली आहे. फक्त इंजिनिअरला सुपरवायझरीचा २ वर्षांचा अनुभव पुरतो, तिथे बी.एस्सी.वाल्याला ५ वर्षांचा मागतात. वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. म्हणून पदवीनंतर क्यूसी (माल तपासायच्या) लॅबमधली बैठी नोकरी कितीही बरी वाटली तरी प्रॉडक्शनची पाळी घे. लोटे-परशुराम, कुरकुंभ, कुठल्याही केमिकल वसाहतीत. अनुभवपत्रावर 'सुपरवायझर' असं लिहून मिळायला हवं; त्यासाठी एचआरशी हुज्जत घालावी लागली तर घाल. डिप्लोमा मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो, राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचाही असतो. 'नोकरीची हमी' लिहिलेल्या फलकांना भुलू नकोस. सरकारमान्यता नसेल तर तो कागद फॅक्टरीत कुणी विचारत नाही, आणि तुझ्या घरी फीचे पैसे दुसऱ्यांदा उभे राहणार नाहीत.

धूळ, वाफा, आवाज मोजण्याची गोडी असेल तर गुजरातेत वल्लभ विद्यानगरला इंडस्ट्रियल हायजीनची एम.एस्सी. बघ. (मी एमबीबीएसनंतर सायनलाच तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा कोर्स केला, तो रस्ता वेगळा.)

जागांचं म्हणशील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा-आरोग्याच्या श्रमसंहितेत सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होण्याची मर्यादा १००० कामगारांवरून ५०० वर आली, धोकादायक कारखान्यांना २५० वर. त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या मात्र १० कामगारांवरून २० वर नेली, म्हणजे त्याहून लहान शेड 'कारखाना' ठरतच नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने नेलं. तू सेफ्टी ऑफिसर झालीस तरी पप्पांच्या शेडमध्ये तुझी नेमणूक होणार नाही, हे आत्ताच समजून घे.

आता सरांना ठाऊक नसलेली गोष्ट. माझी आई सोलापुरात विड्या वळायची. तपासणीला कुणी आलं की खोकला दाबून बसायची, कारण खोकणारीला विड्यांसाठी पानं-तंबाखू, म्हणजे कामच, मिळायचं नाही. पुढे मी कंपनीत डॉक्टर झाले, तेव्हा कामगार "काही त्रास नाही, मॅडम" म्हणाला की मला ते खरं वाटायचं नाही. "ऐकू येतं का?" असं मी विचारतच नाही. "घरात टीव्हीचा आवाज कोण वाढवतं?" असं विचारते. मग बायको ओरडते, पोरं हसतात, सगळं बाहेर येतं. माझे सहकारी हुशार होते, पण त्यांच्या घरात असा आजार कुणी लपवला नव्हता.

तुझ्याकडेही हे आहे. नियमात ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला फक्त ४ तास. लूमच्या शेडमध्ये ९५ सहज ओलांडतात, आणि पप्पांची पाळी १२ तासांची. हा हिशेब वर्गातल्या कुणाहीपेक्षा तुला आधी कळेल. मुलाखतीत ते संकोच न करता सांग. मात्र 'गरिबाची मुलगी' म्हणून कौतुक झालं की तिथे रेंगाळू नकोस. ध्वनिमापक कॅलिब्रेट करता (त्याची अचूकता तपासून लावता) येतो का, हे विचारू दे त्यांना.

मुलगी म्हणून घेतील का? घेतील, कुरकुर करत. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज पहिल्या दिवशी मिळतील अशी आशा धरू नकोस.

आणि पप्पांना सरकारी रुग्णालयात कान तपासायला ने. पाळी सुटल्यावर थेट नको. आवाजातून आलेला कान काही तास बधिर असतो, तपासणीत ऐकण्याचा आलेख खोटा निघतो. सुट्टीच्या दिवशी, रात्रभर विश्रांती झाल्यावर ने. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर सोबत घे; आवाजामुळे आलेला बहिरेपणा त्यांच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे.